डॉक्टरांची एक दिवसाची सुट्टी

२३ मार्च १८९४, शुक्रवार. स्वित्झर्लंडमधील दावोस गाव अजून अंधारात होते. तीन माणसे लांबलचक लाकडी फळ्या घेऊन घराबाहेर पडली. दोघे त्याच गावातले भाऊ होते, टोबियास आणि योहानेस ब्रँगर. तिसरा होता चौतीस वर्षांचा, धिप्पाड अंगाचा, भरघोस मिशांचा एक ब्रिटिश डॉक्टर. गावातल्या एका हॉटेलात त्याची पत्नी झोपलेली होती. तिला क्षयरोग झालेला होता आणि ती फार तर काही महिन्यांची सोबती आहे, असे तज्ज्ञांनी त्याला सांगून ठेवले होते. तरीही त्या दिवशी हा डॉक्टर डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी, निव्वळ मौजेसाठी, निघाला होता.

या डॉक्टरचे नाव आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. मराठी वाचकांच्याही दोन-तीन पिढ्या होम्स आणि वॉटसन यांच्या भाषांतरित कथांवर वाढल्या. मात्र हे लेखक मुळात वैद्यकीय पदवीधर होते, आणि आयुष्यातली तेरा वर्षे त्यांनी क्षयरोगी पत्नीच्या उशाशी काढली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील चार्ल्स चित्रकार होते, पण दारूच्या आहारी गेले आणि पुढे त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. घर सांभाळले ते आई मेरी यांनी. मुलाने डॉक्टर व्हावे, हातात मिळकतीचे साधन असावे, असा त्या काळच्या कुठल्याही ओढग्रस्त घरात होतो तसाच निर्णय झाला. १८७६ मध्ये आर्थर यांनी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तेथे शल्यचिकित्सक जोसेफ बेल हे त्यांचे गुरू. रुग्ण दारातून आत येताच त्याची चाल, त्याचे हात, त्याचे कपडे पाहून बेल त्याचा व्यवसाय आणि आजार ओळखत. याच बेल यांच्यावरून होम्स घडला.

शिक्षण पूर्ण होण्याआधीच, १८८० मध्ये, डॉयल 'होप' नावाच्या देवमासे पकडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून आर्क्टिक समुद्रात गेले. बर्फाची पहिली ओळख तेथली. बर्फावरून चालताना ते अनेकदा गोठलेल्या पाण्यात पडले आणि प्रत्येक वेळी वाचले. १८८१ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथसी येथे त्यांनी दवाखाना थाटला. रुग्ण फार नव्हते. मोकळ्या वेळात ते कथा लिहू लागले.

१८८५ मध्ये जॅक हॉकिन्स नावाच्या तरुणाला मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा आजार झाला. डॉयल यांनी त्याला उपचारासाठी स्वतःच्या घरी ठेवून घेतले, पण तो वाचला नाही. त्याची बहीण लुईझा या काळात डॉयल यांच्या परिचयाची झाली, आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी डॉयल यांना एम.डी. ही पदवीही मिळाली. लुईझा शांत, सोशिक, मृदू स्वभावाच्या होत्या. त्यांना दोन मुले झाली, मेरी आणि किंग्जली.

क्षयरोगाशी डॉयल यांचा पहिला मोठा संबंध घरात नव्हे, बर्लिनमध्ये आला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता. त्यानंतर पाचच वर्षांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी याच रोगाने पुण्यात गेल्या. रोगाचे कारण कळले होते, औषध मात्र नव्हते. १८९० मध्ये कॉख यांनीच औषध सापडल्याचे जाहीर केले आणि युरोपभरातून डॉक्टर आणि रुग्ण बर्लिनकडे धावले. डॉयलही गेले. व्याख्यानाच्या सभागृहात त्यांना प्रवेश मिळाला नाही, तेव्हा एका अमेरिकी डॉक्टरच्या टिपणांवरून त्यांनी व्याख्यान समजून घेतले आणि वॉर्डात जाऊन लस दिलेले रुग्ण स्वतः पाहिले. त्यांचे मत स्पष्ट झाले: हा उपाय अजून प्रयोगावस्थेत आहे, तो जंतूंना मारत नाही, लोकांनी घाईने आशा बांधू नये. हे त्यांनी लगेच वर्तमानपत्रातून कळवले. पुढे ते खरे ठरले. ट्युबरक्युलिन नावाचा तो द्रव औषध म्हणून अपयशी ठरला, पण त्याचेच शुद्ध रूप आजही मांटू चाचणीत वापरले जाते.

ज्या डॉक्टरने कॉख यांच्या दाव्यातली उणीव दोन दिवसांत हेरली, त्याच्या स्वतःच्या घरातला क्षय मात्र उशिरा लक्षात आला. १८९१ मध्ये डॉयल यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले होते. ऑगस्ट १८९३ मध्ये पती-पत्नी स्वित्झर्लंडला गेले. मायरिंगेनजवळचा रायशेनबाखचा धबधबा त्यांनी पाहिला आणि होम्सला संपवायची जागा नक्की झाली. परतल्यावर लुईझा यांना खोकला आणि कुशीत दुखणे सुरू झाले. तपासणीत दोन्ही फुफ्फुसांचा क्षय निघाला, तोही झपाट्याने वाढणारा. त्याच ऑक्टोबरमध्ये डॉयल यांचे वडील वारले. डिसेंबरमध्ये होम्स धबधब्यात पडल्याची कथा छापून आली आणि वाचकांनी संताप व्यक्त केला. तोवर डॉयल यांनी इंग्लंडमधले घर बंद करून पत्नीला दावोसला नेले होते.

दावोसच का? समुद्रसपाटीपासून १५६० मीटर उंचीवरचे हे गाव. १८५३ मध्ये अलेक्झांडर श्पेंगलर नावाचे जर्मन डॉक्टर राजकीय आश्रय घेऊन तेथे आले. स्थानिक लोकांत क्षय जवळजवळ दिसत नाही, हे त्यांच्या नजरेत भरले. १८६५ पासून तेथे हिवाळ्यात रुग्ण ठेवायला सुरुवात झाली, आणि १८९० मध्ये रेल्वे पोहोचल्यावर तर गावाचे रूपच पालटले. उपचार म्हणजे काय? दिवसाचे कित्येक तास उघड्या गच्चीत, ब्लँकेट आणि लोकरी कपड्यांत गुंडाळून, आरामखुर्चीवर पडून राहायचे. दूध, लोणी, मांस भरपूर खायचे. ताप असेल तर बोलणेसुद्धा कमी. ताप उतरला की वाचन, पत्रलेखन, विणकाम यांना हळूहळू परवानगी. बाहेर बर्फ, आत लोकरीचा गुंडा आणि दोन सुया, असा तो काळ होता.

पर्वतावरची हवा क्षयाचा जंतू मारते, हा समज चुकीचा होता. पण या पद्धतीत काही गोष्टी बरोबर होत्या. पुरेसे अन्न आणि विश्रांती मिळाल्याने शरीराची प्रतिकारशक्ती टिकून राही. उघड्या हवेत जंतू विरळ होत असल्याने संसर्ग पसरण्याचा धोका कमी होई. औषधांशिवाय, थुंकीत जंतू सापडणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के दहा वर्षांत दगावत, असे जुन्या नोंदींवरून दिसते. उरलेल्यांचे शरीर रोगाला थोपवून धरे. लुईझा यांच्या बाबतीत दावोसने हीच सवलत मिळवून दिली. महिने उलटले आणि त्या जगल्या.

पण या लेखाचा विषय लुईझा यांच्यापेक्षा त्यांच्या खुर्चीशेजारी बसलेला माणूस आहे. रुग्णाला विश्रांती हाच उपचार होता. तिच्याजवळ बसणाऱ्याचे काय? डॉयल यांच्यासारखा क्रिकेट, फुटबॉल, मुष्टियुद्ध खेळणारा माणूस आजाऱ्यांच्या गावात, तेही हिवाळ्यात, अडकून पडला होता. ते सकाळी लिहीत. पण दुपार होई आणि सहा फुटांचे ते शरीर अस्वस्थ होई. गावात त्यांनी गोल्फचे मैदान आखायला घेतले, तर त्यावरची लाल निशाणे गाई चावून खाऊ लागल्या.

अशात त्यांना ब्रँगर बंधू भेटले. टोबियास यांचा खोगिरे आणि खेळाचे साहित्य विकण्याचा व्यवसाय. त्यांनी पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात नॉर्वेच्या स्की पाहिल्या आणि मागवून घेतल्या. गावकरी हसतात म्हणून दोघे भाऊ सुरुवातीला अंधार पडल्यावर सराव करत. नॉर्वेत हे साधन शतकानुशतके रोजच्या वापरातले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र ते विचित्र खूळ समजले जाई. डॉयल त्यांचे शिष्य झाले. आठ फूट लांब, चार इंच रुंद, टोकाला वर वळलेल्या त्या पट्ट्या पायाला बांधून ते पडले, उठले, पुन्हा पडले. या सगळ्या फजितीचे त्यांनी पुढे हसत हसत वर्णन केले आहे. काही आठवड्यांनी ते भावांबरोबर याकोब्सहॉर्न या शिखरावर गेले, तेव्हा खाली गावात निशाणे झुकवून त्यांना सलामी दिली गेली.

मग तो मार्चमधला शुक्रवार आला. मायनफेल्डर फुर्का ही सुमारे २४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून अरोझा गावी जायचे होते. हिवाळ्यात ही वाट बंद असे. ब्रँगर बंधू त्याआधी एकदाच ती स्कीवरून पार करून आले होते. पहाटेच्या चंद्रप्रकाशात चढ सुरू झाला. वर पोहोचल्यावर समोर बर्फाची विस्तीर्ण उतरण होती. काही ठिकाणी ते सहज घसरत गेले. एका ठिकाणी उतार इतका तीव्र होता की भावांनी स्की एकत्र बांधून घसरगाडी केली. डॉयल यांच्या स्की हातातून निसटल्या आणि एकट्याच खाली निघून गेल्या. मग हे गृहस्थ विजारीवरच बसून घसरत खाली आले. त्यांची विजार हॅरिस ट्वीडची, म्हणजे जाड लोकरीच्या कापडाची होती. हे कापड कधी झिजत नाही, असे त्यांच्या शिंप्याचे सांगणे होते. त्या दिवशी ते खोटे ठरले, अशी गंमत डॉयल यांनी नोंदवली आहे.

दुपारच्या जेवणाआधी तिघे अरोझात पोहोचले. हॉटेलच्या नोंदवहीत टोबियास यांनी डॉयल यांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून खेळाडू असे लिहिले. डॉक्टर नाही, लेखक नाही, रुग्णाचा पती नाही. या नोंदीचा डॉयल यांना मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्यांनी या सफरीचा लेख लिहिला आणि एक दिवस शेकडो इंग्रज केवळ स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत केले. ते शेकड्यांत नव्हे, लाखांत खरे ठरले. दावोसमध्ये त्यांच्या नावाचा स्मृतिफलक आहे.

सफर संपली, आजारपण संपले नाही. पुढे हिवाळा इजिप्तमध्ये काढून पाहिला. मग ग्रँट ॲलन या क्षयरोगी लेखक मित्राच्या सांगण्यावरून इंग्लंडमध्येच हाइंडहेडच्या टेकडीवर, कोरड्या हवेच्या जागी, डॉयल यांनी पत्नीसाठी घर बांधले. १८९७ मध्ये ते तेथे राहायला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची भेट जीन लेकी या तरुणीशी झाली आणि ते तिच्या प्रेमात पडले. लुईझा जिवंत असेपर्यंत त्यांनी पत्नीला सोडले नाही, आणि जीन यांनाही दूर केले नाही. दीर्घ आजारपणाच्या घरात माणसे कशी आतून ओढली जातात, याचा हा अवघड भाग चरित्रातून वगळता येत नाही. डॉयल या काळात सतत कामात बुडून राहिले. १९०० मध्ये ते बोअर युद्धात ब्लूमफाँटेनच्या लष्करी इस्पितळात गेले. तेथे विषमज्वराने सैनिक पटापट मरत होते, आणि डॉयल यांनी विषमज्वराच्या लसीचा जोरदार पुरस्कार केला.

४ जुलै १९०६ रोजी लुईझा गेल्या. वय ४९. काही महिन्यांची मुदत दिलेली स्त्री जवळपास तेरा वर्षे जगली. त्यानंतर डॉयल खचले. झोप उडाली, कामात लक्ष लागेना. दीर्घकाळ शुश्रूषा केलेल्या माणसाचे हे असे होते: आजारपण चालू असताना तो उभा असतो, ते संपल्यावर कोसळतो. त्यांना सावरले ते एका तरुण वकिलाच्या प्रकरणाने, आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. जॉर्ज एडलजी यांचे वडील शापूरजी हे मूळचे मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मगुरू झालेले. जनावरांना रात्री जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्ज यांना १९०३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली होती. तीन वर्षांनी सुटका झाली, पण कलंक राहिला. जानेवारी १९०७ मध्ये डॉयल त्यांना भेटायला गेले, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ, तिरके धरून वाचत होते. डोळ्यांच्या विकारांचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला एवढे पुरे होते. इतकी अधू दृष्टी असलेला माणूस काळोख्या रात्री शेते आणि रेल्वेमार्ग ओलांडून असा गुन्हा करू शकत नाही. डॉयल यांनी मोहीम उघडली, त्याच वर्षी जॉर्ज यांना माफी मिळाली, आणि इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन होण्यास या प्रकरणाचा हातभार लागला.

सप्टेंबर १९०७ मध्ये डॉयल यांनी जीन यांच्याशी विवाह केला. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला मुलगा किंग्जली ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत न्यूमोनियाने गेला. त्यानंतर डॉयल मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या नादी पूर्णपणे लागले. कॉख यांच्याकडे पुरावा मागणारे हे डॉक्टर १९२० मध्ये दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या छायाचित्रांवर विश्वास ठेवून बसले. बुद्धी शाबूत असतानाही दुःख माणसाला कुठे नेते, याचे हे उदाहरण. ७ जुलै १९३० रोजी, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आता दावोसच्या त्या गच्चीकडे पुन्हा पाहू. आपल्याकडेही पाचगणी, मिरज येथे क्षयरोगाची आरोग्यधामे झाली, शिवडीला रुग्णालय उभे राहिले. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले आणि औषधांचे युग सुरू झाले. तरीही रुग्णाला आरोग्यधामातच ठेवावे लागते, ही समजूत कायम होती. ती मोडली भारतात. मद्रासमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासात दिसले की, औषधे नीट घेतली तर दाटीवाटीच्या साध्या घरात राहूनही रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. जगभरातली आरोग्यधामे हळूहळू बंद झाली. दावोसच्या कित्येक आरोग्यधामांची हॉटेले झाली.

मात्र या बदलात एक गोष्ट नजरेआड झाली. आरोग्यधामातल्या परिचारिकेचे काम घरातल्या माणसाकडे आले. आज घाटकोपरच्या डोंगराळ वस्तीत, मुलुंडच्या चाळीत किंवा अंधेरीच्या इमारतीत टीबीचा, पक्षाघाताचा, कर्करोगाचा रुग्ण असतो, तेव्हा औषधाची वेळ, जेवण, रुग्णालयाच्या खेपा हे सारे बहुधा घरातली एकच व्यक्ती सांभाळते, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. ती एक दिवस बाहेर गेली तर शेजारी बोलतात, आणि त्याआधी तिचेच मन तिला बोलते.

डॉयल यांच्या त्या शुक्रवारचे महत्त्व इथे आहे. रुग्णाच्या सोबतीच्या माणसाला ठरावीक वेळी सुटका मिळणे ही चैन नव्हे, तो शुश्रूषेचाच भाग आहे. त्यासाठी स्वित्झर्लंड नको. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, गर्दी नसताना, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी दोन तास चालून आले तरी चालते. तेही जमत नसेल तर हात गुंतवणारे एखादे काम हवे. लोकलच्या महिला डब्यात क्रोशाची सुई चालवणाऱ्या बायका दिसतात. एकाच लयीत होणारी हातांची हालचाल, टाके मोजण्यात गुंतलेले लक्ष आणि ओळीओळीने वाढत जाणारे काहीतरी, यामुळे मन काळजीच्या चक्रातून थोडा वेळ बाहेर पडते. रुग्णालयाच्या बाकावर, नंबर येईपर्यंत, हे सहज करता येते. हे काम औषधाची जागा घेत नाही. झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सोबतीच्या माणसानेही डॉक्टरकडे जायलाच हवे.

आणि लुईझा यांना जे मिळाले नाही, ते आज आपल्याकडे मोफत मिळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, रात्री घाम, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या महापालिका दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडू नये. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक औषध घ्यावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सकस आहारासाठी सरकारच्या योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात, त्यासाठी नोंदणी करावी.

घरात कोणी दीर्घ आजारी असेल, तर या आठवड्यात त्याच्या सोबत बसणाऱ्या माणसाला अर्धा दिवस मोकळा करून द्या. तेवढा वेळ रुग्णाजवळ तुम्ही बसा.